संकेश्वरची वीज

संकेश्वर म्हटले की आपल्याकडे प्रथम मिरची आठवते. तेथील एका निराळ्या तिखट वादाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. संकेश्वर ज्या हुक्केरी तालुक्यात येते, तेथे विजेचे वितरण ग्राहकांची सहकारी संस्था करते. 1969 साली देशात अशा पाच संस्था प्रयोगादाखल निघाल्या; महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा त्यांपैकीच. मुळा-प्रवरेचा परवाना 2011 साली संपला, तो पुन्हा मिळाला नाही. हुक्केरीची संस्था मात्र टिकली. असे का झाले, हा खरा वादाचा विषय! तारांतून गळणारी वीज किती, शेतीपंपांना मीटर आहेत काय, थकबाकी कोणाकडे, हे सभासदांनी विचारावयाचे प्रश्न. परंतु 2025 च्या संचालक निवडणुकीत चर्चा रंगली ती मुख्यतः कत्ती की जारकीहोळी, याचीच. (रोहित्र जळताना मात्र गट पाहत नाही.) गोव्यात वीजखाते सरकारी, येथील ग्राहकाला संचालक निवडता येत नाही. हुक्केरीच्या सभासदाला तो अधिकार आहे. त्याने पुढील वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर गळतीचा आकडाही मागावा, असे आम्ही सुचवितो.