शेपूट नसलेला शिकारी पक्षी

बालमित्रांनो, आमच्या लोणारच्या लवणासुराची गोष्ट ऐकलीय ना? हा दैत्य जमिनीखालच्या बिळात दडून बसायचा, वर भलंमोठं झाकण! तो कुणाला सापडेना. शेवटी त्याच्या बहिणींनीच विष्णूला पत्ता सांगितला. विष्णूने अंगठ्याने झाकण उडवलं आणि दैत्य संपला. (सरोवर खरं तर उल्का आदळून झालं, पण गोष्ट म्हणून ही आम्हांला आवडते.)

जमिनीत लपता येतं हो, पण विमानाने आकाशात लपायचं कुठे?

विमान शोधतं रडार. ते रेडिओलहरी सोडतं. त्या विमानावर आपटून परत आल्या की विमान सापडलं! आता एक करून पाहा. चेंडू जमिनीवरून भिंतीकडे तिरपा मारा; तो भलतीकडे जाईल. पण दोन भिंतींच्या कोपऱ्यात मारा, दोन्ही भिंतींना लागून तो फिरून तुमच्याच दिशेला येतो. विमानाचं उभं शेपूट जिथे आडव्या भागाला मिळतं, तिथे असाच कोपरा तयार होतो. मग शेपूटच काढून टाकलं तर?

अमेरिकेत १९९६ साली असं एक प्रायोगिक विमान गुपचूप उडालं. चौदा मीटर लांब, पंख टोकांशी खाली वाकलेले, उभं शेपूट नाही. इंजिनात हवा घेणारं तोंडही पाठीवर, म्हणजे खालच्या रडारला ते दिसायला नको. नाव ‘बर्ड ऑफ प्रे’, म्हणजे शिकारी पक्षी. हे नाव ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन लोकांच्या अंतराळयानाचं! विमान तसंच दिसायचं म्हणून ठेवलेलं. १९९९ पर्यंत त्याची ३८ उड्डाणं झाली, पण बोइंग कंपनीने ते जगाला दाखवलं २००२ मध्ये.

सिनेमातलं यान बटण दाबताच गडप होतं. खऱ्या विमानाला ते कुठलं जमायला! ते डोळ्यांना दिसतंच. फक्त रडारकडे लहरी अगदी थोड्या परत जातात. आणि तेवढंसुद्धा महाकठीण. १९७७ साली प्रथम उडालेलं ‘हॅव ब्लू’ हे असंच एक लपणारं विमान. चाचण्या चालू असताना एकदा ते रडारवर अचानक ठळक दिसू लागलं. शोधाशोध झाली. तीन स्क्रू पुरते आवळलेले नव्हते! त्यांची डोकी जेमतेम तीन मिलिमीटर वर राहिली होती. आठवल्या ना लवणासुराच्या बहिणी?

आपल्या देशातही हे काम चालतं बरं का! कर्नाटकातल्या चित्रदुर्गजवळ १ जुलै २०२२ रोजी डीआरडीओचं नुसत्या पंखासारखं दिसणारं विमान पहिल्यांदा उडालं. आत वैमानिक नाही. उडणं, वळणं, उतरणं सगळं त्याचं त्यानेच केलं. पुढे १५ डिसेंबर २०२३ च्या चाचणीत ते शेपटीशिवाय उडालं. शेपूट विमानाला सरळ ठेवतं, त्यामुळे ते काढल्यावर तोल सांभाळायचं काम संगणकाकडे येतं.

त्याचं छायाचित्र मिळालं तर आईबाबांना दाखवा आणि विचारा, यात कोपरा कुठे सापडतोय का?