फळी, वल्हे आणि भरती-ओहोटी

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या उरण तालुक्याच्या बहुतेक बाजूंना समुद्र आणि खाड्या आहेत. मोरा बंदर, करंजा बंदर, पीरवाडीचा किनारा ही नावे तुम्हांला पाठ आहेत. वल्हे मारत जाणारी होडी तुम्ही लहानपणापासून पाहिली आहे. पण लांबट फळीवर उभा राहून, उंच वल्ह्याने पाणी कापत जाणारा माणूस तुम्ही पाहिला आहे काय? या खेळाला ‘स्टँड-अप पॅडलिंग’ म्हणतात. हवाई बेटांवर तो वाढला आणि तेथून जगभर पसरला. गोव्याच्या किनाऱ्यावरही तो शिकवला जातो.

ही फळी सुमारे तीन ते साडेतीन मीटर लांब आणि पाऊण मीटरपेक्षा थोडी अधिक रुंद असते. काही फळ्या हवा भरून फुगवायच्या असतात. वल्हे उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच असते. प्रथम फळीच्या मध्यावर गुडघे टेकून बसतात. तोल सापडला की एकेक पाय उचलून उभे राहतात. पायांत खांद्यांइतके अंतर ठेवतात आणि गुडघे थोडे वाकवतात. नजर पायांकडे नको, समोर हवी. पायांकडे पाहणारा लवकर पडतो. उजवीकडे वल्हे मारले की फळीचे तोंड डावीकडे वळते, म्हणून काही वेळा उजवीकडे आणि काही वेळा डावीकडे वल्हे मारत सरळ जायचे.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, “सर, हे तर सोपे आहे!” मीही लहानपणी असेच म्हणालो होतो.

तेव्हा मी सातवीत होतो. ईदुल फित्रचा दुसरा दिवस होता. शाळेला सुट्टी होती. मी आणि माझा एक मित्र थर्मोकोलची जाड लादी घेऊन दुपारी चार वाजता खाडीवर गेलो. हातात एक बांबू होता. मी लादीवर उभा राहिलो, मित्र बसला. पहिली पाच मिनिटे फार मजा वाटली. मग बांबू तळाला लागेना. आम्ही हातांनी पाणी मागे लोटत होतो, तरी किनारा दूर जात होता. वारा नव्हता, लाटाही नव्हत्या. मित्र रडू लागला. शेवटी मासेमारीच्या जाळ्याचा एक खुंट हाताशी आला. त्याला मिठी मारून आम्ही थांबलो. एका वृद्ध नाखवांनी आम्हांला पाहिले आणि होडीत घेतले. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “पोरांनो, पाण्याची जायची वेळ झाली होती. निघण्यापूर्वी कोणाला विचारले होते का?”

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे भूगोल शिकताना मिळाले. ते आज मी तुम्हांला सांगतो.

चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते आणि उतरते. आपल्याकडे दिवसातून साधारण दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास चंद्र व सूर्य यांचे बळ एकत्र येते. तेव्हा भरती फार मोठी आणि ओहोटीही फार मोठी असते. याला उधाण म्हणतात. उधाणाच्या दिवशी मुंबई बंदराच्या परिसरात पाण्याच्या पातळीत सुमारे चार मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. त्या दिवसांना कोळी बांधव भांगाचे दिवस म्हणतात.

आता एक सोपा हिशेब पाहा. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास. तुमच्या घरी चांदाची तारीख पाहतात. चंद्रकोर दिसल्यावर महिना सुरू होतो आणि चौदावीला चंद्र पूर्ण होतो. म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवा. बेरीज पंधरापेक्षा जास्त झाली तर पंधरा वजा करा. तिथी साधारण जुळेल. या हिशेबात तासभराचा फरक पडू शकतो. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते.

ईदचा दुसरा दिवस म्हणजे शव्वालची दुसरी तारीख. दोन अधिक एक, तीन. तिनाचे पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती झाली होती आणि आम्ही चार वाजता पाण्यात उतरलो! उधाणाचे दिवस होते. खाडी जोराने समुद्राकडे रिकामी होत होती. आमचे हात तिच्यापुढे काय टिकणार?

ओहोटीबरोबर वाराही पाहावा लागतो. भूगोलाच्या तासाला तुम्ही नसीम-ए-बर्री आणि नसीम-ए-बहरी शिकता. मराठीत त्यांना मतलई वारे आणि खारे वारे म्हणतात. मतलई वारा रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. खारा वारा दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो. फळीवर उभा असलेला माणूस शिडासारखा असतो. वारा त्याला ढकलतो. वारा वाढला तर लगेच गुडघ्यांवर बसावे किंवा पालथे पडून हातांनी वल्हवावे.

ऋतूंप्रमाणे पाण्याचा स्वभाव बदलतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी पाणी शांत असते. शिकण्यासाठी हा काळ चांगला. मार्चपासून मे महिन्यापर्यंत दुपारचा खारा वारा जोरदार असतो, म्हणून सकाळीच परतावे. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरूच नये. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. जन्मभर समुद्रावर राहणारा कोळी नारळी पौर्णिमेची वाट पाहतो, मग आपण घाई का करावी?

जागाही निवडून घ्यावी. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच्या जलमार्गावरून प्रचंड जहाजे जातात. ती एकदम थांबू शकत नाहीत. तिकडे जाणे म्हणजे जिवाशी खेळ. रानसई धरणाचे पाणी आपण पितो. तेथेही खेळायला उतरू नये.

फळी दूर जाऊ नये म्हणून ती दोरीने पायाला बांधतात. पण जेथे प्रवाह आहे आणि जाळ्यांचे खुंट आहेत, तेथे हीच दोरी खुंटात अडकून माणसाला पाण्याखाली ओढू शकते. अशा जागी कमरेची, एका झटक्यात सुटणारी दोरी वापरतात. जीवरक्षक जॅकेट मात्र सर्वत्र हवेच, पोहता येत असले तरीही. आणि एकट्याने कधीही जाऊ नये.

मित्रांनो, पाणी आपला शत्रू नाही. त्याच्या येण्याजाण्याची वेळ ठरलेली आहे. ती चांदाच्या तारखेत, तक्त्यात आणि करंजाच्या नाखवांच्या तोंडी आहे. पाण्याजवळ जाण्यापूर्वी ती विचारून घ्या. मी त्या दिवशी विचारली नव्हती. तो खुंट हाताशी आला नसता, तर आज हा धडा मी लिहिला नसता.

स्वाध्याय

१. उधाणाचे दिवस आणि भांगाचे दिवस यांत काय फरक आहे?
२. चांदाची सातवी तारीख असेल, तर भरती साधारण किती वाजता येईल?
३. खुंट असलेल्या खाडीत पायाला दोरी बांधणे धोक्याचे का आहे?
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना भरतीची वेळ कशी ओळखतात ते विचारा व पाच वाक्ये लिहा.