खेळ एकच, पण प्रत्येकाची गंमत निराळी

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतल्या एक ताई संध्याकाळी तक्रार घेऊन आल्या. घरात मोबाईल दोन. एक ताईंबरोबर कामावर जातो. दुसऱ्यावर त्यांचा मुलगा, मुलगी आणि मुलांचा मामा असे तिघे आळीपाळीने एकच खेळ खेळतात. "दादा, पोरगा खेळतो ते मला कळतं," ताई म्हणाल्या. "त्याला नंबर पाहिजे असतो. पण ही पोरगी हातात बंदूक घेते आणि कुणाला मारतच नाही. एका घरात लपून बसते आणि तासभर बोलत राहते. मग हा खेळ तरी कसला?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर आम्ही त्या तिघांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि नुसते बघत राहिलो.

खेळ आता बहुतेक घरांत माहीत झाला आहे. शंभर माणसे विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, पडेल ते हत्यार उचलतात आणि शेवटी जो किंवा जी टोळी उरते ती जिंकते. यातली बरीच माणसे खरी असतात. आपापल्या घरी, आपापल्या मोबाईलवर. अकरावीतला मुलगा खेळायला बसला की त्याचे डोळे कोपऱ्यातल्या आकड्यावर. किती मारले, किती उरले, श्रेणी वर गेली की खाली. मामा रात्रपाळीचे वॉचमन आहेत. ते खेळायला बसले की जीप शोधतात आणि समुद्रकाठाने फिरू लागतात. कुठल्या मनोऱ्यावर चढता येते, कुठल्या पुलाखालून गाडी निघते, हे त्यांना तोंडपाठ. कुणी गोळी घातली तर हसतात. "मरायचं काय, परत उतरता येतं," ते म्हणाले, "पण हे बेट अजून पुरतं बघून झालेलं नाही." आणि नववीतली ती मुलगी खरोखरच एका पडक्या घरात बसली होती. तिच्या टोळीत चौघीजणी. एक भिवंडीला राहायला गेलेली जुनी वर्गमैत्रीण, दुसरी परभणीची, तिसरीचे गाव तिलाही माहीत नव्हते. चौघी गणिताच्या बाईंची नक्कल करत होत्या. बाहेर गोळीबार चालू होता.

एकच खेळ, एकच मोबाईल, आणि तिघांना मिळणारा आनंद तीन तऱ्हेचा.

ताईंनी विचारलेला प्रश्न इंग्लंडमध्ये पस्तीस वर्षांपूर्वी काही जाणत्या खेळाडूंनी आपसात विचारला होता. त्याची हकीकत वाचकांना सांगण्यासारखी आहे, कारण अनेकांनी मिळून संगणकावर खेळायच्या खेळांचे एक महत्त्वाचे मूळ तिथे आहे.

१९७८ साली कोलचेस्टर येथील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ रचायला घेतला. पुढे १९८० मध्ये तो रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे आला आणि त्याने तो पुरा केला. नाव 'मल्टि-यूजर डंजन', आद्याक्षरांनी 'मड'. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावर फक्त शब्द उमटत. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, शेजारी कोण आहे. खेळणाऱ्याने टंकून सांगायचे, उत्तरेला जा, दार उघड, अमक्याशी बोल. एकाच वेळी अनेक जण त्या शब्दांच्या मुलखात वावरत आणि एकमेकांना भेटत. पुढे बाहेरचे लोकही टेलिफोनच्या तारेवरून त्यात येऊ लागले.

बार्टल हे हॉर्नसी या समुद्रकाठच्या लहान गावातले. वडील गॅसजोडणीचे काम करीत, आई शाळेत मुलांचे जेवण रांधी. इंग्लंडात जात नसली तरी वर्ग आहे, आणि तो माणसाने तोंड उघडताच कळतो. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे उच्चार ऐकतात. बार्टल यांनी पुढे मुलाखतींतून उघड सांगितले आहे की हा खेळ रचण्यामागे याच गोष्टीविरुद्धचा राग होता. माणूस कुणाच्या पोटी जन्मला यावर नव्हे, तर तो काय करतो यावर त्याची पायरी ठरावी, असे एक जग त्यांना करून पाहायचे होते. म्हणून 'मड'मध्ये येणारा प्रत्येक जण तळच्या पायरीवरून सुरुवात करी आणि गुण मिळवून वर चढे. शेवटची पायरी जादूगाराची. आज मुले 'लेव्हल वाढली' म्हणून नाचतात, तशाच लेव्हल 'मड'मध्ये आणण्यामागे ही गोष्ट होती, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. गुण मिळवायचे कसे? तर खजिना शोधायचा आणि तो नेऊन दलदलीत टाकायचा! सोने चिखलात टाकल्यावर मान वाढतो ही कल्पना आम्हाला भारी आवडली.

जग तर उभे राहिले. पण त्यात येणारे लोक तिथे करतात काय? नोव्हेंबर १९८९ ते मे १९९० या काळात तिथल्या अनुभवी खेळाडूंत यावर मोठी चर्चा झाली. लोकांना या खेळातून हवे तरी काय असते? जो तो आपलेच खरे म्हणू लागला. बार्टल यांनी ती सगळी चर्चा चाळून १९९६ साली एक लेख प्रसिद्ध केला आणि खेळाडूंची चार जातकुळी सांगितली. (हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. जातकुळी इथे स्वभावाची, जन्माची नव्हे.) त्या सांगताना त्यांनी पत्त्यांचा आधार घेतला.

चौकटवाल्यांना खजिना, गुण, वरची पायरी हवी. ताईंचा मुलगा हा चौकटवाला. इंग्रजीत इस्पिकाचे नाव आणि फावड्याचे नाव एकच, म्हणून खणून खणून शोधणारे ते इस्पिकवाले. त्यांना जगाचा कानाकोपरा आणि त्याचे गुपित हवे. आमचे वॉचमन मामा. बदामवाल्यांना माणसे हवीत. खेळ त्यांच्या लेखी नुसता कट्टा, गप्पा खऱ्या. आणि किलवर म्हणजे त्या भाषेत सोटा. किलवरवाल्यांना दुसऱ्याला सतावायचे असते. संगणकाने उभा केलेला राक्षस मारून त्यांचे समाधान होत नाही. पलीकडे खरा माणूस आहे आणि तो चिडला, रडकुंडीला आला, याचीच त्यांना मजा.

कुणीही माणूस निव्वळ एकाच रंगाचा नसतो, हे बार्टल यांनीही मान्य केले होते. पुढे निक यी या अभ्यासकाने सुमारे ३,००० खेळाडूंची उत्तरे तपासून २००६ मध्ये दाखवले की एकच माणूस जिंकण्याचाही भुकेला असतो आणि गप्पांचाही, एक ओढ असली म्हणून दुसरी कमी होत नाही. आपल्या मुलाच्या कपाळावर चारपैकी एक चिठ्ठी चिकटवून कुणी मोकळे होऊ नये. आम्ही ही नावे वापरतो ती फक्त नीट बघता यावे म्हणून.

पण बार्टल यांच्या लेखातली खरी महत्त्वाची गोष्ट या चार नावांत नाही. ती पुढे आहे. हे चौघे एकाच अंगणात राहतात, आणि एकाची गंमत दुसऱ्याच्या गमतीवर परिणाम करते. किलवरवाले वाढले की चौकटवाले थोडे कमी होतात. काही टिकतात, कारण धोका असला तर कमाईला किंमत येते. इस्पिकवाल्यांना फारसा फरक पडत नाही. बदामवाले मात्र झपाट्याने निघून जातात. त्यांना लढायचे नसते, म्हणून लढून टिकण्याचेही कारण नसते. आणि त्यांचे असे आहे की माणसांमुळे माणसे येतात. चार गेली की उरलेली आठ कुणाशी बोलणार? तीही जातात. हे चक्र थांबवले नाही तर मागे किलवरवाले आणि त्यांचे सावज एवढेच उरतात. अशा जगाचा तोल कोणकोणत्या ठिकाणी स्थिर होऊ शकतो, याच्या चार अवस्था बार्टल यांनी मांडल्या. त्यातली एक अशी की तिथे खेळायला कुणीच उरत नाही.

हे नुसते तर्कट नव्हते, हे लवकरच दिसले. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत 'अल्टिमा ऑनलाइन' हा मोठा खेळ सुरू झाला. त्यात लोहारकाम, शिवणकाम करता येई, घर बांधता येई. पण गावाची वेस ओलांडली की कुणीही कुणालाही मारून लुटावे अशी मोकळीक होती. शेवटी २००० साली चालकांनी त्या साऱ्या मुलखाची दुसरी प्रत काढली. एकीचे नाव फेलुक्का, तिथे जुनाच कायदा. दुसरी ट्रॅमेल, तिथे समोरच्याची संमती नसेल तर त्याच्यावर हात उचलता येत नाही. झाले काय, तर वस्तीच्या वस्ती उठून ट्रॅमेलमध्ये गेली. काही जुने खेळाडू आजही म्हणतात की त्या दिवशी खेळातला थरार मेला. त्यांचेही पूर्ण खोटे नाही. पण थरार कुणाच्या जिवावर होता, हे निघून गेलेल्यांना विचारावे लागेल.

(पैसे लावून खेळायचे रमीसारखे खेळ या लेखात आम्ही धरलेले नाहीत. त्यांच्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तो विषय वेगळा, आणि त्यात घरे बुडाली आहेत.)

आम्ही हे सगळे वाचून ताईंना सांगायला गेलो तेव्हा ताई खुशीत होत्या. "दादा, सुटली एकदाची. आठ दिवस झाले, पोरीनं मोबाईलला हात लावला नाही."

आम्हाला बरे वाटायला हवे होते. पण बदामवाले सगळ्यांत आधी उठून जातात, हे नुकतेच वाचले होते. ताई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा आम्ही मुलीला विचारले, का गं, कंटाळा आला का? ती काही बोलली नाही. भावाने सांगितले.

एक दिवस तिची चौथी मैत्रीण आली नव्हती, म्हणून खेळाने टोळीत एक अनोळखी मुलगा जोडून दिला. सुरुवातीला तो बरा बोलला. मग गाव विचारले. मग म्हणाला, पूर्ण नाव काय? त्या खेळात हिचे नाव तिनेच ठेवलेले, एका पाखराचे. ती म्हणाली, हेच नाव आहे. तो म्हणाला, आडनाव सांग ना, लाज वाटते का? हिने सांगितले. लाज कसली वाटायची? त्यानंतर तो जे बोलला ते आम्ही इथे छापणार नाही. आपल्या वाचकांना ते समजावून सांगायची गरजही नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या दोन दोस्तांना घेऊन पुन्हा आला आणि परभणीच्या मुलीलाही तेच ऐकवले. तिसऱ्या दिवशी चौघींपैकी कुणीच आले नाही.

भाऊ आपल्या श्रेणीसाठी खेळतच होता. "मी पण ऐकलंय तसलं," तो म्हणाला. "मी आवाज बंद करतो आणि खेळतो." त्याचे खरे आहे. चौकटवाल्याचे आवाज बंद करून भागते. पण जिला बोलायचेच आहे तिने आवाज बंद करायचा म्हणजे काय करायचे?

आम्ही ताईंना आत जाऊन सगळे सांगितले. ताई बराच वेळ गप्प होत्या. पातेल्यातला चहा उतू गेला. मग म्हणाल्या, "मी रोज विचारायची, किती वेळ खेळतेस. कुणाबरोबर खेळतेस, हे एकदापण विचारलं नाही."

त्या रात्री मामा ड्यूटीवर जायच्या आधी तासभर पोरीजवळ बसले. अनोळखी माणूस टोळीत जोडून घ्यायचा की नाही, हे ठरवायची एक खूण त्या खेळात असते. ती कुणालाच माहीत नव्हती. मामांना माहीत होती, कारण त्यांनी एकूण एक कळ दाबून पाहिलेली. त्यांनी ती बंद केली. त्या मुलाला अडवून ठेवले आणि त्याची तक्रार कशी नोंदवायची तेही भाच्याला दाखवले. तक्रारीचे उत्तर अजून आलेले नाही.

परवा ताईंच्या दारावरून जाताना आत हसण्याचा आवाज आला. डोकावलो तर भिवंडी आणि परभणी दोन्हीकडून बोलणे चालू होते, आणि मामा मागे बसून सांगत होते, त्या घरात नका बसू गं, टेकडीमागे एक बोट आहे, तिथून सूर्य बुडताना दिसतो, चला दाखवतो.