‘अंडर वे’ म्हणजे काय?

‘काम अंडर वे आहे’ हे वाक्य इंग्रजी अहवालांतून वारंवार आढळते. काम पुढे सरकत आहे, असाच अर्थ वाचणारा घेतो. हा शब्दप्रयोग मात्र मूळचा दर्यावर्दींचा. वाटेवर असणे या अर्थाच्या डच शब्दावरून तो इंग्रजीत आला.

समुद्रावर त्याचा अर्थ काटेकोर आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जे जहाज नांगरलेले नाही, किनाऱ्यास बांधलेले नाही आणि तळाला रुतलेलेही नाही, ते ‘अंडर वे’. मग ते जागचे हलत नसले तरी हरकत नाही! (अहवाल लिहिणाऱ्यांना ही सवलत ठाऊक असावी.) प्रत्यक्ष पाणी कापीत जाणाऱ्या जहाजासाठी ‘मेकिंग वे’ असा निराळा शब्द आहे.

दाट धुक्यात हा भेद प्राणांशी निगडित होतो. यंत्रचलित जहाज चालत असल्यास त्याने फार तर दोन मिनिटांच्या अंतराने एक दीर्घ भोंगा द्यावयाचा. ‘अंडर वे’ असूनही थांबलेले असल्यास लागोपाठ दोन. असा भोंगा समोरच्या बाजूने ऐकू येताच, टक्करीचा धोका नाही अशी खात्री नसेल तर, दुसऱ्या जहाजाने आपला वेग कमीत कमी करावा, असे बंधन आहे.