जेवणाच्या सुट्टीतली मैफल

शिकागोच्या मिशिगन अव्हेन्यूवर 1897 साली बांधलेली एक देखणी इमारत आहे. शहराचं पहिलं मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय इथंच होतं. आता तिला शिकागो कल्चरल सेंटर म्हणतात. आत प्रेस्टन ब्रॅडली हॉल नावाचं दालन आहे. भिंतींना संगमरवर, त्यात रंगीत काच आणि शिंपल्यांचं जडावकाम, आणि डोक्यावर टिफनीच्या काचांचा 38 फूट व्यासाचा घुमट. बुधवारी दुपारी सव्वाबाराला या घुमटाखाली पाश्चात्त्य अभिजात संगीताची मैफल सुरू होते आणि एकच्या सुमारास संपतेसुद्धा. तिकीट नाही, राखीव खुर्च्या नाहीत. वाजवणारे बहुतेक जण नुकतेच शिक्षण संपवून उभे राहू पाहणारे असतात.

1977 पासून चालत आलेल्या या मालिकेचं नाव आहे ‘डेम मायरा हेस स्मृती मैफिली’. हेस बाई शिकागोच्या नव्हत्या. त्या लंडनच्या पियानोवादक, आणि 1965 सालीच वारलेल्या. तरीही त्यांचंच नाव का, हे कळायला दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जावं लागतं.

सप्टेंबर 1939. ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि बॉम्बच्या भीतीने लंडनमधली नाट्यगृहं, सिनेमागृहं, संगीत सभागृहं एका फटक्यात बंद झाली. ट्रॅफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्समध्ये हलवण्यात आली. भिंती मोकळ्या, दालनं ओस. हेस यांनी आपला अमेरिकेचा दौरा रद्द केला आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना गाठलं. अधूनमधून इथं दुपारची मैफल करता येईल का, असा त्यांचा प्रस्ताव होता. क्लार्क म्हणाले, अधूनमधून कशाला, रोजच करू.

पहिली मैफल 10 ऑक्टोबर 1939 रोजी झाली. सरकारी परवानगी होती 200 माणसांची. आले हजाराच्या आसपास. त्या दिवशी हेस स्वतःच वाजवायला बसल्या. तिकीट एक शिलिंग. पुढे सोमवार ते शुक्रवार दुपारी मैफल ठरलेली. कारकून, टायपिस्ट, सुट्टीवर आलेले सैनिक यायचे, कँटीनमध्ये मध-मनुकांचं सँडविच घ्यायचे आणि पुन्हा कामावर जायचे. हवाई हल्ले वाढले तशी मैफल तळघरात उतरली. ऑक्टोबर 1940 मध्ये गॅलरीत न फुटलेला एक बॉम्ब सापडला, तेव्हा कार्यक्रम इमारतीच्या लांबच्या खोलीत हलवला गेला. वादन चालू असतानाच तो बॉम्ब फुटला. कोणाला इजा झाली नाही आणि वादकांची लयही ढळली नाही. मालिका 10 एप्रिल 1946 पर्यंत चालली. एकूण मैफिली 1,698 आणि श्रोते 8 लाख 24 हजारांवर.

युद्धकाळातल्या धैर्याची कथा म्हणून ही हकिगत ब्रिटनमध्ये वारंवार सांगितली जाते. तिच्या हिशेबाची बाजू मात्र मागेच राहते. इथं नामवंत असो वा नवखा, मानधन एकच होतं : पाच गिनी, म्हणजे 105 शिलिंग, अर्थात 105 तिकिटांची किंमत. हेस यांनी स्वतः सुमारे दीडशे मैफिलींत वाजवलं, पण मानधन घेतलं नाही. रोज नवा कार्यक्रम हवा असल्यामुळे चार मोठ्या नावांवर भागणं शक्यच नव्हतं. नव्यांना दार उघडावंच लागलं.

त्या दारातून आत आलेल्यांपैकी एक होती कॅथलीन फेरियर. ही मूळची ब्लॅकबर्न गावातली टेलिफोन ऑपरेटर. 1942 च्या डिसेंबरमध्ये ती लंडनला राहायला आली आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला नॅशनल गॅलरीत गायली. पुढच्या दहा वर्षांत तिची गणना युरोपातल्या अव्वल गायिकांमध्ये होऊ लागली. हे यश एका दुपारचं नव्हे, हे खरंच. पण राजधानीत जाणकार श्रोत्यांसमोर पहिल्यांदा उभं राहायला तिला कुठेतरी जागा हवी होती, ती इथं मिळाली.

खुद्द हेस यांना ही अडचण ठाऊक होती. 1907 मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांनी लंडनमध्ये बीथोव्हनचा चौथा पियानो कॉन्सर्टो वाजवून पदार्पण केलं. कौतुक झालं, पण कामं लगेच आली नाहीत. पोटापाण्यासाठी कित्येक वर्षं शिकवण्या कराव्या लागल्या. नाव नाही म्हणून कार्यक्रम नाही, आणि कार्यक्रम नाही म्हणून नाव नाही, हा फेरा तेव्हाही होता.

शिकागोत हा फेरा फोडायचा प्रयत्न अल बूथ यांनी केला. बूथ यांचा व्यवसाय जमीनजुमल्याचा, पण ते पियानो वाजवत. संगीत चार लोकांत आणण्याची त्यांना हौस होती. 1976 मध्ये त्यांनी हँडेलच्या ‘मसाया’चा असा प्रयोग सुरू केला, ज्यात प्रेक्षकांनीच कोरस म्हणायचा. पुढच्याच वर्षी हेस यांच्या नावाने दुपारच्या मैफिली सुरू झाल्या. लंडनमध्ये दिग्गज आणि नवखे एकाच मालिकेत असत. शिकागोत भर उदयोन्मुखांवर दिला गेला.

आपल्याकडच्या संगीत महोत्सवांतही तरुणांना संधी मिळते, पण बहुधा पहिल्या सत्रात. श्रोते अजून वाहनतळ शोधत असतात, ध्वनियोजना बसायची असते आणि कलाकार तिसरी तान घेतो न घेतो तोच वेळ संपत आल्याची चिठ्ठी येते. शिकागोत तरुण वादक कोणाच्या आधी वाजवत नाही. पाऊण तास पूर्ण त्याचा. काय वाजवायचं, कशानंतर काय ठेवायचं, शेवटाला कुठे न्यायचं, ही अख्ख्या मैफलीची बांधणी त्याला करावी लागते. स्पर्धेत परीक्षकांसमोर ठरावीक रचना वाजवून हे अंग तयार होत नाही.

दुसरी कसोटी रेडिओची. डब्ल्यूएफएमटी हे 1951 पासूनचं शिकागोचं अभिजात संगीताचं केंद्र या मैफिली थेट प्रसारित करतं. थेट म्हणजे चुकलेला सूर पुसता येत नाही. समोर काही शे श्रोते आणि पलीकडे स्वयंपाकघरात, मोटारीत, दवाखान्यात ऐकणारे अनोळखी लोक. शिवाय ते दालन काच-संगमरवराचं; आवाज घुमत राहतो. सरावाच्या खोलीत नेमके वाटणारे द्रुत लयीतले सूर इथं एकमेकांत मिसळू शकतात. त्यामुळे वादकाला खोली ऐकत वाजवावं लागतं.

दुपारची वेळही विचारपूर्वक धरलेली आहे. हे सेंटर शहराच्या कचेऱ्यांच्या भागात आहे. संध्याकाळी घरी परतून, कपडे बदलून, महागडं तिकीट काढून अनोळखी वादकाला ऐकायला कोण येणार? जेवणाच्या सुट्टीत मात्र माणूस सहज डोकावतो. आवडलं नाही तर पाऊण तासच गेला.

लंडनची मूळ मालिका थांबली, तरी त्याच ट्रॅफल्गार चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये दुपारच्या मैफिलींची परंपरा आहे, आणि तिथंही तरुण वादक भरपूर असतात. शिकागोत श्रोत्याला तिकीट नसलं, तरी खर्च असतोच. तो देणग्यांतून उभा करावा लागतो. एका मैफलीने कोणाचं करिअर घडत नाही. हाती येते ती दुपारभराची जबाबदारी, शेकडो नवे कान आणि पुढच्या आयोजकाला फोन करताना सांगता येईल असं एक ठिकाण.