अदृश्याचा वेध : लेखांक ७ – एका प्रकाशकणाचे मोल

विद्युतभारित कण पाण्यातून जाताना त्याचा वेग प्रकाशाच्या पाण्यातील वेगाहून अधिक झाला, की त्याच्याभोवती निळसर चेरेन्कोव्ह प्रकाशाचा शंकू पसरतो, हे मागील लेखांकात पाहिले. पाण्यावर क्वचित आदळून असा कण उडवणाऱ्या, पण स्वतः अदृश्य राहणाऱ्या न्यूट्रिनोची वार्ता याच प्रकाशातून कळते. मात्र हा प्रकाश इतका क्षीण असतो की कमी ऊर्जेच्या घटनेत पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरील एकेका संवेदकाच्या वाट्याला बहुधा एखादाच प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, येतो आणि तो हुकला तर दुसरा येण्याची आशा नसते.

जपानच्या गिफू प्रांतात, डोंगराखाली सुमारे १००० मीटर खोल १९९६ पासून सुरू असलेल्या सुपर-कामिओकांडे या प्रयोगात ५० हजार टन पाण्याभोवती अशा ११ हजारांहून अधिक संवेदकांचा पहारा आहे. या संवेदकाला प्रकाशगुणक नळी म्हणतात. नाव नळीचे असले, तरी प्रत्यक्षात तो ५० सेंटिमीटर व्यासाचा, आतून निर्वात केलेला काचेचा फुगा असतो. त्याच्या आतल्या बाजूस अँटिमनी, पोटॅशियम आणि सीझियम यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर, म्हणजे प्रकाशकॅथोड, दिलेला असतो. त्यावर फोटॉन आदळला की प्रकाशविद्युत परिणामाने एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, विद्युतक्षेत्र त्याला डायनोड नावाच्या धातूच्या पट्ट्यांकडे खेचते आणि प्रत्येक डायनोडवर एकाचे अनेक होत अखेरीस सुमारे एक कोटी इलेक्ट्रॉनांचा मोजता येण्याजोगा स्पंद हाती लागतो. (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ साली वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद केली, तेव्हाही सिंटिलेटरमधील, म्हणजे कण जाताच चमकणाऱ्या पदार्थातील, प्रकाश टिपण्याचे काम प्रकाशगुणक नळ्यांकडेच होते.)

संवेदनशीलता वाढवायची म्हणजे ही गुणवृद्धी वाढवायची, असा समज सहज होतो; परंतु जो इलेक्ट्रॉन सुटलाच नाही किंवा वाटेतच हरवला, त्याला कितीही गुणले तरी हाती शून्यच येते. म्हणून खरी कसोटी गुणवृद्धीच्या आधीच्या दोन पायऱ्यांवर लागते. पहिली पायरी क्वांटम कार्यक्षमतेची, म्हणजे आदळलेल्या शंभर फोटॉनांपैकी किती इलेक्ट्रॉन सोडवतात याची. दुसरी संकलनाची, म्हणजे सुटलेल्यांपैकी किती पहिल्या डायनोडवर नीट पोहोचतात याची. सुपर-कामिओकांडेच्या नळीत शंभर फोटॉनांमागे सुमारे २२ इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांतले सुमारे १६ कामी येतात. उरलेले सहा का हरवतात, हे पाहण्यासारखे आहे. या नळीतील डायनोड खिडकीच्या पडद्यावरील तिरक्या पट्ट्यांसारखे रचलेले असल्याने काही इलेक्ट्रॉन पट्ट्यांच्या फटींतून न आदळताच निसटतात, आणि जे आदळतात त्यांच्याही वाटा लहानमोठ्या असल्याने स्पंदाच्या वेळेत सुमारे २ नॅनोसेकंदांची अनिश्चितता राहते. एका नॅनोसेकंदात प्रकाश पाण्यातून सुमारे २२ सेंटिमीटर जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे घटनेचे स्थान ठरवताना ही अनिश्चितता किती नडते ते कळते.

त्याच परिसरात उभारल्या जात असलेल्या हायपर-कामिओकांडेसाठी घडवलेल्या नळीत पहिला डायनोड मोठ्या पेटीसारखा आहे आणि पुढचे एका रांगेत आहेत. त्यामुळे इलेक्ट्रॉन कॅथोडवर कुठूनही निघाला, तरी बहुतेकदा त्या पेटीत अचूक पडतो. कॅथोडचा थरही सुधारल्याने शंभरामागे सुमारे ३० इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांतले सुमारे २८ हाती येतात आणि वेळेची अनिश्चितता निम्म्यावर येते. कॅथोडच्या रसायनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, श्रेय या भूमितीला द्यावयास हवे, कारण आधीच सुटलेला इलेक्ट्रॉन गमावणे हे या साखळीतील सर्वांत टाळण्याजोगे नुकसान होते.

सहज इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड मात्र पूर्ण अंधारातही, केवळ उष्णतेने, इलेक्ट्रॉन सोडत असतो. त्यात काचेतील किरणोत्सारी अंशांची भर पडते आणि अशा नळीतून सेकंदाला काही हजार खोटे स्पंद येतात. दर नळीमागे ४ हजार धरले, तर ११ हजार नळ्या मिळून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात चाळीसहून अधिक. म्हणून काचेतील किरणोत्सारी अंश घटवणे आणि पाणी थंड ठेवणे हेही संवेदनशीलता वाढवण्याचेच काम ठरते.

काचेची मजबुती हा त्याहून कठोर प्रश्न आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी सुपर-कामिओकांडेच्या टाकीत पुन्हा पाणी भरले जात असताना एक नळी दाबाखाली आत फुटली आणि तिच्या आघातलहरीने शेजारच्या, मग त्यांच्या शेजारच्या, अशा साडेसहा हजारांहून अधिक नळ्या फोडल्या. तेव्हापासून प्रत्येक नळीला पुढून ॲक्रिलिकचे आणि मागून काचतंतूंचे कवच असते. नव्या टाकीची खोली ७१ मीटर असल्याने नव्या नळीच्या काचेचा आकारही अधिक दाब पेलेल असा बदलण्यात आला आहे.

हायपर-कामिओकांडेत सुमारे २० हजार नळ्या बसणार आहेत. सुपर-कामिओकांडेतील भिंतीचा ४० टक्के भाग नळ्यांनी व्यापलेला आहे, तर या महाकाय टाकीत तो केवळ सुमारे २० टक्के असेल. प्रत्येक नळी जवळपास दुप्पट फोटॉन टिपू लागल्यामुळेच एवढी भिंत मोकळी सोडणे परवडते.