उडत्या खारीचे गोत्र

वाचकहो, अंगणातील आंब्यावर सरसर चढणारी पट्टेदार खार आपण रोज पाहता. सह्याद्रीच्या रानातील तांबूस शेकरूही कदाचित पाहिले असेल. त्याच रानात रात्री झाडाझाडांवरून तरंगत जाणारी उडती खार यांची सख्खी बहीण असेल, असेच आपणास वाटेल. शास्त्राचा निर्णय मात्र निराळा आहे.

ही खार वस्तुतः उडत नाहीच. उंच फांदीवरून झेप घेऊन, पुढच्या मनगटापासून मागच्या घोट्यापर्यंतची केसाळ त्वचा ताणून ती तिरपी खाली येते. या त्वचेनेच पंडितांना बुचकळ्यात टाकले. लिनीयसने १७५८ साली युरोप-आशियाच्या उत्तर भागातील उडत्या खारीला खारींत बसविले आणि अमेरिकेतील तिच्या बहिणीला चक्क उंदरांत! पुढे कित्येकांनी या प्राण्यांचे स्वतंत्र कुलच मांडले.

परंतु त्वचेचा असा पडदा हा नात्याचा पुरावा नव्हे. ऑस्ट्रेलियातील शुगर ग्लायडर हा तर कांगारूप्रमाणे पिल्लू पिशवीत वाढविणारा प्राणी. त्यालाही असा पडदा आहे. आफ्रिकेतील खवलेशेपट्या प्राण्यांत पडद्याला आधार देणारी कूर्चेची काडी कोपरापासून निघते, तर उडत्या खारीत ती मनगटापासून निघते. सोय एकच, घडण वेगळी.

२००३ व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासांनी वाद बहुतांशी मिटविला. सुमारे पन्नास जातींच्या उडत्या खारी हे निराळे कुल नसून खारींच्याच कुलातील एक शाखा आहे. आणि तिचे जवळचे आप्त म्हणजे युरोपातील तांबडी खार व तिची भावंडे. आपली पट्टेदार खार व शेकरू ही दोन वेगळ्या उपकुलांतली, म्हणजे दूरचीच. शेजार निराळा आणि नाते निराळे!

नात्याचा असा शोध कधी एकाच कातड्यावर व कवटीवर अवलंबून राहतो. अरुणाचल प्रदेशातील नामदफाच्या अरण्यात १९८१ साली मिळालेल्या उडत्या खारीचे दात व कवटी इतकी वेगळी निघाली, की तिच्यासाठी नवी प्रजाती स्थापावी लागली. प्राणिशास्त्रज्ञ विश्वमय बिस्वास यांच्या सन्मानार्थ तिला ‘बिस्वमोयोप्टेरस बिस्वासी’ हे नाव मिळाले. तिचे मूळ शास्त्रीय वर्णन त्या एकाच नमुन्यावर उभे आहे, आणि आज तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. शोधणाऱ्यांची खरी अडचण अशी, की त्याच रानात तांबडी महाकाय उडती खारही नांदते. विजेरीच्या झोतात, उंच फांदीवर, क्षणभर दिसलेला तांबूस आकार दोहोंपैकी कोणाचा, हे खालून सांगणे फार कठीण.